मालक कोर्टात हजर आहेत का?

सरकारी वकील म्हटलं की लोकांना खून, दरोडे, बेड्या असलं काहीतरी आठवतं. माझ्याकडे यातलं काही नाही. माझे आरोपी इस्त्रीच्या शर्टात येतात, खिशाला पेन असतं आणि 'मॅडम, बसा ना' म्हणून बाकावर सरकून मलाच जागा करून देतात. मी नाशिकच्या कोर्टात कर खात्याच्या बाजूनं फौजदारी खटले चालवते. कर थकला, दंड करा, व्याज लावा, ही कामं दुसऱ्यांची. ज्यानं ठरवून, खोटी बिलं फाडून सरकारला फसवलंय त्याला आत पाठवायचं, हे माझं काम. लग्नाला गेले की कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं, 'ताई, माझं रिटर्न भरायचं राहिलंय, काही होत नाही ना?' मी म्हणते, 'होतं की. माझी भेट होते.' मग तो माणूस पंगतीत माझ्यापासून चार पानं लांब बसतो.

मला हे काम भयंकर आवडतं. भयंकर हाच शब्द बरोबर आहे, घरच्यांना विचारा. माझा नवरा एकलहऱ्याला वीज केंद्रात आहे. तो म्हणतो, साक्षीच्या दिवशी सकाळी तुझ्यापुढं आमचा बॉयलर गार वाटतो. खरं आहे ते. साक्ष असली की मला घास उतरत नाही. पोहे पुढं ठेवून मी स्वयंपाकघरातल्या फ्रिजला प्रश्न विचारत बसते आणि फ्रिजच्या वतीनं उत्तरंही देते. गाडी चालवताना तेच. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघत राहतो. बघू दे. एकदा का पिंजऱ्यात साक्षीदार उभा राहिला आणि मी पहिला प्रश्न टाकला की माझ्या अंगात जे काही शिरतं ते इतकी वर्षं झाली तरी उतरलेलं नाही.

त्या दिवशीची साक्ष तर खटल्यातली पहिलीच होती आणि महत्त्वाची होती, कारण आमच्या खटल्यांत आधी साक्ष होते आणि तिच्यावरून आरोप निश्चित करायचे की नाही ते ठरतं. खटला भंगाराचा. म्हणजे भंगार कुठंच नव्हतं, तीच तर गंमत. एक फर्म होती, तिचा जीएसटी नंबर होता, आणि ती भंगार विकल्याची बिलं धडाधड फाडत होती. गोडाऊन नाही, वजनकाटा नाही, खिळासुद्धा नाही. ही बिलं इतर व्यापारी विकत घ्यायचे आणि कधी भरलाच न गेलेला कर भरल्याचं दाखवून सरकारकडून वजावट उकळायचे. आणि ही एवढी थोरली फर्म कोणाच्या नावावर, तर निफाडकडच्या एका बाईच्या, जी द्राक्षाच्या पॅकहाऊसमधे कामाला होती. घड कातरायचे, खराब मणी काढायचे आणि प्लॅस्टिकच्या डब्यांत भरायचे, हा तिचा दिवसभराचा उद्योग.

खात्यानं तिला बोलावून जबाब घेतला. ती म्हणाली, मला यातलं काही कळत नाही, सगळं मालक बघतात. फर्मचा पत्ता म्हणून जोडलेलं लाईट बिल निघालं त्या पॅकहाऊसचं. झालं. बाईला साक्षीदार केलं, आणि पॅकहाऊसच्या मालकाला उचललं.

तो साठी ओलांडलेला माणूस. ऐन हंगामात आत गेला. जामीन होऊन बाहेर आला तोवर परदेशी माल घेणारे दुसरीकडे गेले होते, पॅकहाऊसला कुलूप लागलं होतं. तारखेला यायचा तेव्हा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत बीपीच्या गोळ्या. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी बसा म्हटलं तरी बसायचा नाही. जाता-येता मी दिसले की एवढंच म्हणायचा, 'मॅडम, मला खरंच माहीत नाही हो.' आता माझ्या धंद्यात 'मला माहीत नाही' हे शब्द म्हणजे पंख्याचा आवाज. सतत चालू असतो, म्हणून ऐकू येत नाही. मी मान हलवायचे आणि पुढं जायचे.

त्या दिवशी एकदा बाईनं पिंजऱ्यात उभं राहून जबाबातलंच सांगितलं आणि त्याच्याकडे बोट केलं, की त्याच्यावर आरोप निश्चित होणार, हे त्याला माहीत होतं, त्याच्या वकिलांना माहीत होतं आणि मला तर होतंच. पुढं शिक्षा झाली तर पाच वर्षांपर्यंत. त्या वयाला पाच वर्षं म्हणजे काय, ते सांगायला नको. त्याचे वकील आमच्या बारमधले जुनेजाणते. गेल्या तारखेला ते मला म्हणाले होते, 'मॅडम, या केसमधे माझ्याकडे माझ्या अशिलाच्या चेहऱ्याशिवाय काही नाही.' मी हसले होते.

तर मी सकाळी कोर्टात पोचले तेव्हा व्हरांड्यात बाई आलेली होती. बरोबर नवरा. चाळिशीचा, टापटीप, केसांना तेल, मनगटाला जाड घड्याळ. टेम्पो चालवतो म्हणाला. तिच्या वतीनं बोलायचं सगळं कंत्राट त्याच्याकडेच होतं. 'मॅडम, ही अडाणी हाय, घाबरती. मी बरोबर असलो की नीट बोलती.' मला वाटलं, चला, बायकोच्या साक्षीला रोजगार बुडवून येणारा नवरा आहे, कौतुकच केलं पाहिजे. बाई खाली बघत उभी. हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातांच्या बोटांना कात्रीचे घट्टे. माझ्या शेजारी आमचा तपास अधिकारी उभा होता. उत्तरेकडचा तरुण पोरगा, नाशिकला येऊन फार दिवस झालेले नाहीत, मराठी मनापासून शिकतोय. मिसळ खाताना घामानं निथळतो पण ताट सोडत नाही. हा त्याचा पहिला मोठा खटला. तो माझ्याहून जास्त उतावीळ झालेला.

चहावाला आला. मी म्हटलं, सगळ्यांना दे. त्यानं कप पुढं करायला सुरुवात केली तशी बाई पहिल्यांदाच बोलली. 'मालकांना नका देऊ. त्यांना लय पित्त व्हतं.'

मी वळून बघितलं. आरोपी पार लांब, जिन्यापाशी उभा होता. मला जरा रागच आला. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्याच्या पित्ताची काळजी. मी म्हटलं, 'अहो बाई, त्यांना कोण चहा देतंय इथं?'

'नाय ओ मॅडम, ते शेठ. मी मालकांचं म्हनते.' आणि तिनं पदर पुढं ओढून हनुवटी जराशी, अगदी जराशी, नवऱ्याकडे वळवली. मग जिन्याकडे बघून हळूच म्हणाली, 'शेठ लय खंगले.'

चहाचा कप माझ्या हातात होता तो तसाच राहिला. मी इगतपुरीला रेल्वेच्या क्वार्टरमधे वाढले. आमच्या शेजारच्या काकू घोटीकडच्या. त्यांनी जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. 'मालक ड्युटीवर गेलेत', 'मालकांना कारलं आवडत नाय.' काका रुळावर काम करायचे, त्यांच्या नावावर साधी सायकल नव्हती, तरी ते मालक. आम्ही पोरं त्यांना चिडवायचो, काकू, मालक कशाचे हो? त्या लाजून लाटणं उगारायच्या. हे मला इतकं पाठ आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. नाशिकच्या खेड्यापाड्यात बायको 'मालक' म्हणते तेव्हा ती नवऱ्याबद्दल बोलत असते. आणि जो कामाला ठेवतो तो 'शेठ'.

मी तिथंच, कठड्यावर फाईल ठेवून जबाब उघडला. माझ्यापाशी असतं ते इंग्रजी. 'द ओनर लुक्स आफ्टर एव्हरीथिंग.' ओनर. मी अधिकाऱ्याला कोपऱ्यात ओढलं.

'तिनं जबाब कुठल्या भाषेत दिला?'

'मराठीत, मॅडम. मी हिंदीत टाईप केला. मग ऑफिसनं इंग्रजी केलं.'

'तिनं मालक म्हटलं, तेव्हा तुम्ही नाव विचारलं नाही?'

'विचारलं ना. दोन-तीनदा विचारलं. नाव सांगतच नव्हती. खाली बघायची. मला वाटलं, बड्या माणसाचा दबाव आहे, घाबरते. मग मी विचारलं, काम कुठं करता? तर तिनं पॅकहाऊस सांगितलं.' तो अभिमानानं थोडा हसला. 'मग मला कळलं मालक कोण.'

बिचारा. त्याचं गणित चुकीचं नव्हतं हो. त्याला वाटलं ती भीतीनं नाव घेत नाही, आणि ती घेत नव्हती रिवाजानं. मी म्हटलं, 'साहेब, मालक म्हणजे नवरा.'

'काय?'

'आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. तो तिकडं उभा आहे ना, घड्याळवाला, तो तुमचा ओनर.'

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो नवऱ्याकडे बघायला लागला तसं मी त्याला दटावलं, 'बघू नका तिकडं.' माझं डोकं मात्र आता असं पळायला लागलं होतं की मला स्वतःलाच आवरेना. टेम्पो चालवतो. कुठला माल? भंगाराचाच असणार. लाईट बिल कोणी काढून आणलं असेल? सगळं एकामागून एक जागेवर बसत होतं. आनंद म्हणू का संताप म्हणू, दोन्ही होतं. एका बाजूला म्हातारा उगाच तुरुंगात जाऊन आला म्हणून अंगाचा तिळपापड, आणि दुसऱ्या बाजूला, खोटं कशाला बोलू, उकळ्या फुटत होत्या.

अधिकारी म्हणाला, 'मॅडम, आज तो प्रश्न नका विचारू. जबाबात आहे तेवढंच विचारा. मालकांनी सांगितलं म्हणेल, बस करा. नंतर मी पुन्हा तपास करतो, वरती कळवतो.'

'आणि तोवर तिकडं त्याच्यावर आरोप निश्चित होऊ दे?'

'तारीख मागू.'

तारखेचा विचार माझ्याही मनात आला होता. पण तारीख घेतली की नवरा-बायको एकाच टेम्पोतून घरी जाणार. त्यानं आपला चहाचा किस्सा कानानं ऐकलाय. त्याला अक्कल असली, आणि ती असल्याशिवाय एवढा कारभार करत नाही कोणी, तर पुढच्या तारखेला ती 'मालक' शब्द विसरलेली असेल. नाहीतर सरळ शेठकडे बोट करेल. बाजूला घेऊन तिला काही विचारावं तर तो चिकटलेला, आणि साक्षीच्या आधी साक्षीदाराला पढवणं आपल्याला जमायचं नाही. जे काही व्हायचं ते आत, मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या समोर, उघड्यावर झालं पाहिजे. आणि आजच.

एक अडचण होती. नवरा-बायकोत एकमेकांत झालेलं बोलणं साक्षीत आणता येत नाही, कायदा आडवा येतो. म्हणजे 'तुम्हाला सही करायला कोणी सांगितलं' हा माझा आठवडाभर फ्रिजपुढं घोटलेला प्रश्न बाद. सांगितलं, बोललं, काहीच चालणार नाही. पण कोणी काय केलं, काय कोणाच्या हातात होतं, ते चालतं. मी कठड्याला टेकून उभ्या उभ्या सगळे प्रश्न डोक्यात उलटेपालटे केले. आयुष्यात इतकी तरतरी मला क्वचित आली असेल.

पुकारा झाला. मी जाता जाता नवऱ्याला अगदी गोड आवाजात म्हटलं, 'तुम्ही का बाहेर थांबताय? या ना आत. मागच्या बाकावर जागा आहे.' तो खूश झाला. आभार मानले त्यानं माझे.

बाई पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली. मॅजिस्ट्रेटसाहेब शांत माणूस, साक्षीदार बोलेल तसं शेजारच्या लघुलेखकाला सांगतात आणि तो टाईप करतो. आरोपी आपल्या जागी, पिशवी छातीशी धरून. मी नाव, गाव, काम असं नेहमीचं विचारून घेतलं. घर, पॅकहाऊस, कामाच्या वेळा. ती हळू पण नीट बोलत होती. अडाणी वगैरे काही नव्हती.

'या फर्मबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?'

'काय बी नाय. माझ्या नावावर हाय एवढं मागून कळलं.'

'फर्मच्या नोंदणीसाठी जो फोन नंबर दिलाय, तो फोन कोणाकडे असायचा?'

'मालकांकडं.'

आरोपीनं डोळे मिटले. त्याच्या वकिलांनी खांदे पाडले. मला त्या दोघांना ओरडून सांगावंसं वाटलं, थांबा हो जरा.

'त्यावर येणारे ओटीपी कोण बघायचं?'

'मालकच.'

'बँकेचं कार्ड?'

'ते बी त्यांच्याकडं.'

'पॅकहाऊसचं लाईट बिल नोंदणीला लागलंय. ते कुठून आलं?'

'शेठच्या हापिसातून मी आनलं. मालक बोलले—'

'कोण काय बोललं ते राहू द्या. ते बिल तुम्ही कोणाच्या हातात दिलं?'

'मालकांच्या.'

टाईप करायचा आवाज थांबला. साहेबांनी चष्म्यावरून बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'शेठच्या ऑफिसातून आणलं आणि मालकांच्या हातात दिलं?' ते स्वतःशीच म्हणाले. माझ्या शेजारी बसलेल्या अधिकाऱ्यानं माझा कोट ओढला. 'मॅडम, फितूर म्हणून जाहीर करा,' तो कुजबुजला. मी म्हटलं, 'साक्षीदार फितूर नाही झाली. शब्द फितूर झालाय. बसा गप्प.'

आणि मी तो प्रश्न विचारला. नेहमीचा, साधा, प्रत्येक खटल्यात विचारतात तो. 'हे मालक आज कोर्टात हजर आहेत का?'

'हायेत.'

'दाखवा.'

तिनं बोट केलं नाही. नवऱ्याकडे कोणी बोट करतं का? तिनं पदर सावरला आणि मान वळवून मागच्या बाकाकडे बघितलं, घरात कोणी आलं की बघतात तसं. अख्खं कोर्ट तिच्याबरोबर मागं वळलं. घड्याळवाला अर्धवट उठला होता, फोन हातात, बाहेर जावं की बसावं ते त्याला ठरवता येत नव्हतं. शिपाई दाराशी जाऊन उभा राहिला. आरोपीचे वकील हरकत घ्यायला उठले होते ते तसेच वाकून राहिले, आणि हरकत कशाची घ्यायची हे त्यांना आठवेना.

मी विचारलं, 'म्हणजे तुम्ही मालक म्हणता ते हे आरोपी नव्हेत?'

'शेठ?' ती गोंधळली. तिनं आरोपीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, अधिकाऱ्याकडे बघितलं. 'शेठचा काय संबंध? शेठनं त्यांचा त्यांचा काहीतरी घोटाळा केला म्हनून धरलं ना? घरी तर तेच सांगितलं.' आणि मग तिचा आवाज बदलला. 'मंग शेठना कशापायी धरलं?'

ती त्या कापडी पिशवीकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय काय होऊन गेलं ते मी अगदी जवळून बघितलं. तिला कळलं. आपल्या एका शब्दानं कोण आत गेलं, कोण सुटून आपल्या शेजारी जेवलं, कोण आज सकाळी आपल्याबरोबर टेम्पोत बसून आलं, सगळं तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

साहेब मऊपणे म्हणाले, 'बाई, नाव सांगावं लागेल. कोर्टाच्या कागदावर मालक असं लिहून चालत नाही.'

नाव नाही घेतलं तर पुन्हा सगळं हवेत. आणि घेतलं तर तिचं काय होणार, तेही मला दिसत होतं. तिच्या घरी आज रात्री कोण असणार, हे तिच्या तोंडून निघणाऱ्या नावावर होतं. मागून नवरा खाकरला. मोठ्यानं, मुद्दाम. साहेबांनी शिपायाला खूण केली तसा तो थांबला.

तिनं कठडा धरला. आणि नाव घेतलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनाव, तिन्ही, एका दमात, खणखणीत. उखाण्यात नाही, लाजून नाही. मला कोणी सांगितलं असतं की सरकारी वकिलाच्या डोळ्याला साक्ष ऐकताना पाणी येतं, तर मी त्याला हसले असते. मी खोकल्याचं सोंग केलं आणि फाईलमधे डोकं घातलं. इतक्या वर्षांत मी किती जणांना आत पाठवलं असेल, पण आपल्याच हातानं एखाद्याला बाहेर काढताना बघायचं सुख काही औरच, हे मला त्या मिनिटाला कळलं.

पुढचं सांगून टाकते. आरोपीचे वकील उठून म्हणाले, उलटतपास नाही. इतकं छोटं वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. मी वरिष्ठांना त्याच दिवशी लेखी कळवलं, आणि आमचा तरुण अधिकारी, ज्याला मी त्या सकाळी इतकं झापलं, त्यानं स्वतःच पुन्हा तपासाचा आग्रह धरला. फोन कुठं कुठं फिरला, बिलं कोणी कोणाला विकली, ते त्यानं महिनाभरात खणून काढलं. शेठ आरोपमुक्त झाला. नवऱ्यावर खटला भरला गेला, तो अजून चालू आहे आणि अर्थातच मीच चालवतेय. खात्यात काही जण माझ्यावर नाराज झाले, तेही खरं. एकानं मला फोनवर विचारलं, मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या वकील? मी म्हटलं, ज्याचं मीठ खाते त्याची, आणि सरकारला चुकीचा माणूस आत टाकून काय मिळणार होतं ते तुम्ही मला समजावून सांगा. त्यानं फोन ठेवला.

पण माझ्या मनात राहिलं ते त्याच दुपारचं. साक्ष संपली की टाईप झालेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. बरोबर आहे का विचारायचं, मग खाली सही. बहुतेक साक्षीदार घाईत असतात, वाचून होण्याआधीच मान डोलवतात. बाकीचे लोक पांगले होते. शेठ भिंतीला टेकून खुर्चीवर बसला होता, बहुधा पहिल्यांदाच. बाई लघुलेखकाच्या टेबलापाशी उभी, आणि तो भरभर वाचत होता. 'सदर मोबाईल फोन माझ्या मालकांकडे असायचा. त्यावरील संदेश मालक पाहत असत. सदर लाईट बिल मी मालकांच्या हातात दिले. बरोबर?'

'नाय,' ती म्हणाली.

झालं, फिरली, म्हटलं मी मनात. नवरा दाराबाहेर बाकावर होता, शेजारी शिपाई, आणि दार उघडंच होतं. साहेब उठायच्या बेतात होते ते परत बसले. 'काय चुकलंय बाई? फोन त्यांच्याकडे नव्हता का?'

'व्हता. ते बरोबर हाय.'

'मग?'

तिनं टेबलावरच्या कागदावर बोट ठेवलं, एका ओळीवर, मग खालच्या ओळीवर, मग त्याच्या खालच्या. शोधायला तिला जराही वेळ लागला नाही. 'हितं, हितं आन हितं,' ती म्हणाली. 'मालक नका लिहू साहेब. नवरा लिहा. तेवढाच हाय तो.'

साहेबांनी लघुलेखकाकडे बघून मान हलवली आणि त्यानं तिन्ही ठिकाणी दुरुस्ती केली.